छातीची परीक्षा : परिचारिकेच्या दृष्टीने

उन्हाळा तोंडावर आला की पनवेलच्या बाजारात मडकी मांडली जातात. मडके घेणारी बाई ते नुसते डोळ्यांनी पाहून घेत नाही. एका हातावर ते तोलून धरते आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यावर टिचकी मारते. खणखणीत नाद आला तर मडके पक्के. बद्द वाजले तर कोठेतरी चीर आहे, मग ते वरून कितीही सुबक दिसो. कलिंगडवाल्याच्या हातगाडीपाशी आपण हेच करतो. वस्तू न फोडता तिच्या आत काय आहे ते जाणण्याची ही विद्या घरोघर आहे. छातीची परीक्षा ही त्याच विद्येची शास्त्रशुद्ध आवृत्ती होय, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

ओवे गावात बोलण्यासाठी हा विषय निवडला त्याला कारण आहे. गावाच्या एका अंगाला खारघरचा डोंगर, दुसऱ्या अंगाला तळोज्याचे कारखाने आणि सभोवार उठणाऱ्या इमारती. आपल्या तालुक्यात दगडाच्या खाणी आहेत, वीटभट्ट्या आहेत, आणि पावसाळ्यातली दमट हवा तर कोकणाची जन्माचीच आहे. खोकणारे माणूस नाही असे घर विरळा. त्या माणसाजवळ सिस्टर येते, घड्याळाकडे पाहत मिनिटभर गप्प उभी राहते आणि निघून जाते. पाहणाऱ्याला वाटते, ही काहीच करीत नाही. त्या मिनिटात ती काय करते, हे आज सांगावयाचे आहे. निदान त्या वेळी तिच्याशी गप्पा मारू नयेत, एवढे जरी श्रोत्यांच्या मनात राहिले तरी माझे काम झाले.

छाती बोटाने ठोकून पाहण्याची पद्धत ऑस्ट्रियातील लिओपोल्ड औएनब्रुगर या वैद्याने १७६१ साली एका छोट्या पुस्तकातून जगापुढे ठेवली. हा गृहस्थ ग्राट्झ गावच्या एका खानावळवाल्याचा मुलगा. दारूच्या पिंपावर टिचक्या मारून आत किती दारू उरली हे वडील ओळखीत, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली असे सांगतात. पिंपात जिथवर दारू तिथवर बद्द, त्याच्यावर पोकळ नाद. छातीत हवा असेल तेथे नाद घुमतो, पाणी असेल तेथे बद्द होतो. तत्त्व एवढे साधे. पण त्याच्या काळच्या वैद्यांनी त्याकडे जवळजवळ दुर्लक्षच केले. नेपोलियनचा वैद्य कोर्व्हिसार याने १८०८ मध्ये त्या पुस्तकाचे फ्रेंच भाषांतर केले तेव्हा कोठे ही पद्धत रूढ झाली.

पुढची पायरी १८१६ ची, आणि तिचा उगम लाजेत आहे. पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात रेने लेनेक याच्याकडे एक तरुण स्त्री आली. हृदयाचे दुखणे असावे असा संशय होता. अंगाने ती स्थूल असल्यामुळे ठोकून काही कळेना. त्या काळी वैद्य छातीला कान लावून ऐकत. परंतु तरुण स्त्रीच्या छातीला कान लावणे त्याला प्रशस्त वाटेना. त्याने कागदांची घट्ट गुंडाळी केली, तिचे एक टोक तिच्या छातीवर टेकले आणि दुसऱ्याला कान लावला. नुसत्या कानाने ऐकू येई त्याहूनही आवाज स्पष्ट आला! त्या गुंडाळीची लाकडी नळी झाली आणि तीच आजच्या स्टेथॉस्कोपची आजी. १८१९ मध्ये लेनेकने या नळीतून ऐकू येणाऱ्या आवाजांवर मोठा ग्रंथ लिहिला. सात वर्षांनी तो क्षयाने वारला, वयाच्या ४५ व्या वर्षी. ज्या रोगाचे आवाज त्याने जगाला ओळखावयास शिकविले तोच त्याला घेऊन गेला.

लाजेचा हा प्रश्न आपल्याकडे केवढा मोठा होता, हे पनवेलपासून फार दूर नसलेल्या कल्याणची हकीकत सांगते. आनंदीबाई जोशी यांचा जन्म तेथे १८६५ मध्ये झाला. पुरुष डॉक्टरपुढे आपल्या बायका दुखणे दाखवीत नाहीत म्हणून स्त्रीडॉक्टर हवी, असे जाहीर सांगून त्या अमेरिकेस गेल्या. १८८६ च्या मार्चमध्ये पदवी घेतली, त्याच वर्षी परत आल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास क्षयाने वारल्या. वय २१. स्त्रियांसाठी स्त्रियांनीच चालविलेले मुंबईचे कामा रुग्णालय १८८६ चे. एवढ्या खटाटोपाने आपल्या आयाबहिणींच्या छातीपर्यंत वैद्यक पोचले आहे. म्हणून परिचर्येच्या शिक्षणात परीक्षेची पहिली पायरी पडदा ओढणे ही असते. पडदा, रुग्णाची परवानगी, ऊबदार हात, आणि हवा तेवढाच भाग उघडा. लुगड्यावरून वा सदऱ्यावरून नळी लावली तर कापडाची सरसर ऐकू येते, आणि ती फुप्फुसातली समजून भलताच घोटाळा होतो. आजही कित्येक ठिकाणी घाईत कपड्यावरून नळी टेकतात. ही सभ्यता नव्हे, आळस आहे.

आता एक शंका निघेल. छाती तपासणे हे डॉक्टरांचे काम. परिचारिकेने त्यात का पडावे? याचे उत्तर असे की दोघांचे प्रश्न निराळे आहेत. डॉक्टर विचारतो, हा रोग कोणता? परिचारिका विचारते, हा रुग्ण दोन तासांपूर्वी होता तसाच आहे काय? डॉक्टर दिवसातून एकदोनदा खाटेपाशी येतो. परिचारिका पाळीपाळीने आठही प्रहर तेथे असते. रोगाचे नाव तिला सांगता आले नाही तरी चालेल, पण बदल तिच्या नजरेतून सुटता कामा नये. आणि छातीतला बदल बहुधा सर्वांत आधी दिसतो तो श्वासांच्या संख्येत.

प्रौढ माणूस स्वस्थ पडला असता मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. फुप्फुसात जंतूंचा शिरकाव झाला, रक्तात विष भिनू लागले, हृदय थकले, तर शरीर पहिला उपाय करते तो श्वास वाढविण्याचा. रक्तदाब पुष्कळदा नंतर घसरतो, ओठ तर फारच उशिरा निळे पडतात. विश्रांतीत २५ च्या वर गेलेला आकडा ही धोक्याची सूचना समजावी. इतकी मोलाची ही खूण, आणि रुग्णालयातल्या तक्त्यावर सर्वांत निष्काळजीपणे लिहिली जाते ती हीच! नाडीला हात लावावा लागतो, ताप पाहण्यास तापमापक लावावा लागतो. श्वासाला काहीच लागत नाही. म्हणून तो न मोजताच ‘२०’ लिहिण्याची खोड जगभर आहे.

ही खोड मलाही होती. शिकत असताना एका रात्रपाळीला पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या एका आजोबांच्या तक्त्यावर मी चार वेळा २० लिहिले. आजोबा शांत पडून होते, काही मागत नव्हते. पहाटे वरिष्ठ सिस्टर आल्या, त्यांनी घड्याळ काढले आणि मिनिट संपेपर्यंत हलल्या नाहीत. आकडा निघाला ३४. टाके दुखतात म्हणून आजोबा रात्रभर वरवरचा श्वास घेत होते. फुप्फुसाचा खालचा भाग मिटून गेला होता आणि त्यात कफ साचू लागला होता. आजोबा वाचले, पण आठ दिवस जास्त राहिले. सिस्टर मला रागावल्या नाहीत. तो तक्ता त्यांनी माझ्याच हातात देऊन डॉक्टरांपुढे वाचावयास लावला.

मोजण्याची रीत अशी. रुग्णाला ‘तुमचा श्वास मोजते’ असे सांगू नये. सांगितले की तो श्वासाकडे लक्ष देतो आणि आकडा बिघडतो. नाडी पाहत असल्यासारखे मनगट धरून ठेवावे आणि नजर छातीवर किंवा पोटावर ठेवावी. मिनिट पुरे मोजावे. पंधरा सेकंद मोजून चौपट करणारे पुष्कळ आहेत, पण एका श्वासाची चूक झाली की चौपटीत ती चार होते. त्याच मिनिटात डोळा आणखी पाहत असतो. दोन्ही बाजू सारख्या उठतात काय? गळ्याच्या हाडाच्या वरचा खळगा श्वासागणिक आत ओढला जातो काय? माणूस एक वाक्य एका दमात पुरे करतो, की दोन शब्दांवर थांबतो? उशी पाठीशी घेऊन, हात गुडघ्यांवर रोवून बसला आहे काय? आडवे पडताच ज्याला धाप लागते त्याची गोष्ट निराळी. तेथे हृदयाचाही विचार करावा लागतो.

लहान मुलांच्या बाबतीत तर या मोजणीवर जीव अवलंबून असतो, आणि त्याचा नामांकित पुरावा महाराष्ट्रातलाच, गडचिरोलीचा आहे. तेथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८८ च्या सुमारास एक प्रयोग हाती घेतला. बालमृत्यूंमध्ये न्यूमोनियाचा वाटा मोठा. डॉक्टर दूर, क्ष-किरण यंत्र त्याहून दूर. मग न्यूमोनिया ओळखावा कोणी? त्यांनी गावातल्याच आरोग्यसेवकांना आणि दायांना श्वास मोजावयास शिकविले. ज्या दायांना फार पुढची अंकमोजणी येत नव्हती त्यांच्यासाठी एक साधे उपकरण बनविले : एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी मण्यांच्या ओळी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्याआधी तांबड्या मण्यापर्यंत हात पोचला तर बाळाला औषध सुरू करावयाचे. नवजात बाळासाठी एक ओळ, मोठ्यासाठी दुसरी. या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आले. अशा रीतीने उपचार झालेल्या न्यूमोनियाच्या ६१२ दुखण्यांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ०.८ होते, तुलनेसाठी घेतलेल्या गावांत ते शेकडा १३.५ होते. कानाला नळी न लावता, केवळ डोळ्याने आणि मण्यांनी हा फरक पडला.

मुलांचे आकडे घरातल्या प्रत्येकाने पाठ करावेत. दोन महिन्यांच्या आतले बाळ मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतचे ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांचे ४० किंवा अधिक श्वास घेत असेल, तर खोकला वा सर्दी साधी समजू नये. बाळ रडत वा पीत असताना मोजू नये. अंगावरचे झबले वर करून, ते शांत असताना मोजावे. अगदी तान्ह्या बाळाचा श्वास मधूनच मंदावतो, मधूनच भरभर चालतो, म्हणून मिनिट पुरेच हवे, आणि आकडा ६० च्या वर आला तर पुन्हा एकदा मोजावे. याखेरीज श्वास आत घेताना बरगड्यांच्या खालचा भाग आत खेचला जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, बाळ कण्हत असेल, दूध ओढत नसेल किंवा जागे करूनही जागे होत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये.

आपल्या आज्यांना हे दिसत नव्हते असे मुळीच नाही. ‘पोट उडते आहे’, ‘बाळाला डबा झाला’, हे शब्द जुनेच आहेत, आणि डबा म्हणजे पुष्कळदा न्यूमोनियाच. निरीक्षण अचूक होते. त्यापुढचा उपाय मात्र चुकला. पोट हलते म्हणजे रोग पोटात, असे समजून कोठे लेप घातले गेले, कोठे डाग दिले गेले. मेळघाटात तान्ह्या मुलांच्या पोटावर तापल्या विळ्याने चटके देण्याच्या ‘डंबा’ नावाच्या रीतीच्या बातम्या अलीकडेही वाचावयास मिळाल्या. त्या आईबापांना क्रूर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्यांच्या डोळ्याला दिसलेली खूण घेऊन ती वेळेत औषधापर्यंत पोचविणारे माणूस त्या वाडीत हवे होते.

डोळ्यानंतर हात. दोन्ही तळवे पाठीवर ठेवून अंगठे मणक्याशी जुळवावेत आणि रुग्णाला दीर्घ श्वास घेण्यास सांगावे. अंगठे सारखेच दूर गेले पाहिजेत. एक मागे राहिला तर त्या बाजूला काहीतरी अडले आहे. मग ‘एक, दोन, तीन’ म्हणावयास सांगून तळहाताला आवाजाची थरथर कशी लागते ते पाहतात. इंग्रजी पुस्तकांत येथे नव्व्याण्णव म्हणावयास सांगतात. तो आकडा जर्मन वैद्यांकडून आला असे म्हणतात, त्यांच्या भाषेत त्याचा उच्चार खर्जात घुमतो. इंग्रजीत तो तसा घुमत नाही, तरी साहेबाने म्हटले म्हणून आम्हीही म्हणत आलो! न्यूमोनियाने फुप्फुस घट्ट झाले असेल तर थरथर वाढते; फुप्फुसाभोवती पाणी साचले असेल तर ती हाताशी पोचतच नाही. ठोकून पाहिल्यावर मात्र दोन्हीकडे नाद बद्दच येतो. म्हणून एकट्या खुणेवर विसंबून राहावयाचे नसते.

ठोकण्याबद्दल फार सांगत नाही. डाव्या हाताचे मधले बोट दोन बरगड्यांच्या मधल्या जागेत घट्ट टेकावे, उजव्या मधल्या बोटाच्या टोकाने त्यावर मनगटातून हलकी थाप द्यावी, आणि उजवी-डावी, उजवी-डावी असे तोलत वरून खाली यावे. तबल्याची थाप पुस्तकातून येत नाही, तसेच हेही.

स्टेथॉस्कोप शेवटी. बहुतेकांची समजूत अशी की छाती म्हणजे पुढची बाजू. वस्तुतः फुप्फुसाचा खालचा मोठा हिस्सा पाठीकडे आहे, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा कफ तेथेच साचतो. तेव्हा रुग्णाला बसवून, बसता येत नसेल तर कुशीवर वळवून, पाठीवर ऐकलेच पाहिजे. तोंड उघडे ठेवून सावकाश श्वास घ्यावयास सांगावे, आणि म्हाताऱ्या माणसाला मधून मधून थांबू द्यावे, नाहीतर त्याला चक्कर येते. निरोगी छातीत वाऱ्याची हलकी सळसळ ऐकू येते. केसांची बट कानाशी बोटांत चोळली असता येतो तसा बारीक चुरचुर आवाज आला तर आतल्या वायुकोशांत पाणी आहे किंवा ते मिटलेले आहेत. फुप्फुसाच्या आवरणाला सूज आली की नव्या कोल्हापुरी वहाणेसारखी करकर होते. दम्यात शिट्टी वाजते. येथे एक गोष्ट जपून ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दम्याचा रुग्ण धापा टाकीत असताना शिट्टी एकाएकी थांबली, तर आराम पडला असे कुटुंबीयांना वाटते. कित्येकदा त्याचा अर्थ उलट असतो : शिट्टी वाजण्याइतकीही हवा आता आत जात नाही. रुग्ण थकून पेंगू लागला आणि छाती मुकी झाली, तर तो क्षण धावपळीचा आहे.

ऐकून झाल्यावर परिचारिका नुसती नोंद करून थांबत नाही. माझ्या त्या आजोबांना सिस्टरांनी डॉक्टर येण्याआधीच उशांनी वर उचलून बसविले होते. पोटावर उशी दाबून धरून खोकावे कसे, ते दाखविले. तासातासाला दहा खोल श्वास घ्यावयास लावले. कुशी बदलणे, पाणी पाजणे, चालविणे ही कामे किरकोळ दिसतात, पण मिटलेले वायुकोश पुष्कळदा यांनीच उघडतात. आणि मग पुन्हा ऐकावयाचे, केल्याचा काही उपयोग झाला की नाही हे पाहण्यासाठी.

या परीक्षेला मर्यादा आहेत, त्या लपविण्यात अर्थ नाही. खाणीत, दगड फोडण्याच्या यंत्रावर वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाच्या फुप्फुसात दगडाची बारीक भुकटी रुतते आणि व्रण धरतात. तो विकार मागे फिरत नाही, शिवाय क्षयाला वाट करून देतो. सुरुवातीला नळीतून काहीच ऐकू येत नाही; क्ष-किरण चित्रातच तो दिसतो. तेथे कामाला येतो तो प्रश्न : पोटासाठी काय काम करता? हा प्रश्न वैद्याने प्रत्येक रुग्णाला विचारावा असे इटलीच्या रामाझ्झिनीने १७०० साली लिहून ठेवले, आणि आजही तो केसपेपरवर पुष्कळदा कोराच राहतो. क्षयाचेही तसेच. छाती स्वच्छ ऐकू आली म्हणून दोन आठवड्यांहून जुना खोकला सोडून देता येत नाही; बेडका तपासावाच लागतो.

दुसरी मर्यादा नव्या यंत्रांची. २०२० च्या कोरोनाच्या साथीत बोटाला लावण्याचा ऑक्सिमीटर घरोघर आला. उपयोगी वस्तू आहे. परंतु बोट गार असेल, नखांना रंग असेल, तर तो चुकतो. काळ्यासावळ्या कातडीवर तो ऑक्सिजन असतो त्याहून थोडा जास्त दाखवू शकतो, हेही आता सिद्ध झाले आहे. शिवाय शरीर श्वास वाढवून ऑक्सिजन सावरून धरते, त्यामुळे यंत्र ९६ दाखवीत असताना माणूस मिनिटाला ३० श्वास घेत असू शकतो. यंत्राला त्याची मेहनत दिसत नाही.

तेव्हा घरी दुखणेकरी असेल तर एक वही आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ उशाशी ठेवावे. दिवा फार प्रखर नको. झोपलेल्या माणसाच्या पोटावर पांघरुणावरून हात अलगद ठेवला तरी मोजता येते. वेळ लिहावी, आकडा लिहावा, आणि तो कसा पडला आहे तेही दोन शब्दांत लिहावे. १०८ ला किंवा डॉक्टरांना दूरध्वनी करताना आपण बहुधा म्हणतो, ‘बाबांना जरा दम लागतोय हो.’ त्याऐवजी ‘दहाला २२ होते, बाराला २८, आता दोन वाजता ३४ आहेत आणि वाक्य पुरे होत नाही,’ असे म्हटले, तर पलीकडचे माणूस पुढचा प्रश्न न विचारता पत्ता विचारते.